खडू आणायला कोण जाणार

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या पूनम सागरमधल्या सोसायटीच्या सेक्रेटरीपासून खालच्या नारळवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पार्किंगवरून मी भांडले आहे, टँकरच्या पाण्यावरून भांडले आहे, आणि रिक्षावाल्यांशी भांडता भांडता तर माझं हिंदी चांगलंच सुधारलंय. त्यामुळे शाळेतल्या मुलांना राग आवरायला शिकवणं हा माझा व्यवसाय आहे असं मी कुणाला सांगू लागले, की माझा नवरा पेपर तोंडासमोर धरतो. तो हसतोय हे मला पेपराआडूनही कळतं.

पण काम खरंच तेच आहे. भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत मी समुपदेशक म्हणून जाते. समुपदेशक हा शब्द शाळेत कुणी उच्चारत नाही. मुलं ‘काउन्सिलिंगच्या मॅडम’ म्हणतात, शिपाई ‘त्या बोलायच्या मॅडम’ म्हणतो. मला बसायला जिन्याखालची खोली मिळाली आहे. तिथे जुने नकाशे आणि गॅदरिंगचं सामान असतं, आणि मुलं माझ्यासमोर बसून रडतात तेव्हा त्यांच्या डोक्यामागे पुठ्ठ्याचा मोठा सूर्य दिसतो.

अंधेरीला एका हॉलमध्ये माझं प्रशिक्षण झालं. राग आवरायची ही पद्धत मूळची मोठ्या माणसांची आणि दवाखान्यातली. शाळेतल्या मुलांना ती कशी द्यायची, हे आम्हाला शिकवत होते. भावना येतेय हे ओळखायचं, ती किती जोरात आहे हे मोजायचं, तिचा भर ओसरेपर्यंत काही मोडतोड न करता तग धरायचा, आणि मग आपल्याला हवं ते नीट शब्दांत मागायचं. पडद्यावर हे फार सोपं दिसतं. एसीही होता. मी वहीभर टिपणं काढली आणि भाईंदरला आल्यावर त्यातलं निम्मं चाललं नाही.

ज्या मुलीमुळे हे लिहितेय ती तेव्हा नववीत होती. घर पालीला, उत्तनच्या पलीकडे. बापाची होडी, आई भाईंदरच्या बाजारात मासे विकते. ही आईबरोबर सकाळच्या बसने यायची, आईची माशांची पाटी लावून द्यायची आणि रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला शाळेत यायची. हात धुऊन यायची, साबणाने, दोन-दोनदा. तरी वर्गातल्या काही मुली ती आली की ओढणी नाकाला लावत. एकीने तर तिच्या बाकावर सेंट मारला होता. तिच्या बोलण्यातलं ‘हाय’ आणि ‘न्हाय’ तर वर्गाची रोजची करमणूक होती.

मग ही काय करायची? बाक उलटवायची. एकदा कंपासपेटी भिरकावली, ती एका मुलीच्या भुवईला लागली आणि टाके पडले. तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तिच्या आईला बोलावून सांगितलं की आणखी एक तक्रार आली तर दाखला काढून न्या. नववीतल्या मुलीचा दाखला असा वर्षाच्या मध्ये हातात आला की पुढे काय होतं, ते पालीत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या दोन्ही मावसबहिणी आता बाजारात बसतात. आणि हिला दहावी करायची होती. कशासाठी, विचारलं तर म्हणाली, “बँकेत बसायचंय. तिथे एसी असतो, आणि वास नसतो.”

मला ती मुलगी पहिल्या दिवसापासून आवडली. हे बरोबर नाही, आमच्या कामात आवड-नावड दाखवायची नसते. पण आवडली.

पहिला धडा मोजण्याचा. पुस्तकात राग एक ते दहा असा मोजायला सांगतात. आमच्या मुलांना दहा आकडे म्हणजे मार्क वाटतात. कुणालाच कमी नको असतात. म्हणून मी पंख्याचा रेग्युलेटर घेतला. एक म्हणजे नुसतं हललं, पाच म्हणजे फुल. सगळ्यांना पटलं. ही मात्र वर बघत म्हणाली, “मॅडम, आमच्या वर्गातला पंखा एकवर ठेवला तरी पाचवरच फिरतो. मी पण तशीच हाय.”

मी म्हटलं, “मग आपण आधी रेग्युलेटर दुरुस्त करू.” हे बोलताना मी भलतीच खूश होते स्वतःवर.

दुसरा धडा बर्फाचा. राग अनावर झाला की बर्फाचा खडा मुठीत धरायचा, त्या गारठ्याने शरीर भानावर येतं, असं आम्हाला शिकवलेलं. शाळेत फ्रीज नाही. मी घरून थर्मासमध्ये बर्फ भरून रिक्षाने नेला आणि गंभीर चेहरा करून तिच्या हातावर ठेवला. ती बर्फ धरून बसली. आईबद्दल बोलली, होडीच्या नव्या इंजिनाबद्दल बोलली. हाताखाली पाण्याचं थारोळं झालं तरी चेहऱ्यावरची रेष हलली नाही. शेवटी मीच विचारलं, गार नाही का लागत? ती म्हणाली, “मॅडम, सकाळी आईबरोबर बर्फ मीच फोडते. मावऱ्यावर घालायला.”

मावरं म्हणजे मासळी. एवढं तरी मला माहीत होतं. थर्मास मी निमूट पिशवीत घातला.

तिसरा धडा लाल कार्डाचा, आणि तो फसला तेव्हा मला हसू आलं नाही. कार्ड असं: राग तीनवर गेला की मुलाने ते बाकावर ठेवायचं आणि कुणाला काही न सांगता वर्गाबाहेर जाऊन थोडा वेळ थांबायचं. शांत झालं की परत यायचं. मी स्वतः कार्ड कापलं, त्यावर प्लास्टिक चढवून आणलं. तिने ते इमानदारीत वापरलं. ओढणी नाकाला गेली, हिने कार्ड ठेवलं, बाहेर जाऊन उभी राहिली.

मग मधली सुट्टी व्हायच्या आत शाळेतल्या प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याने तिला विचारलं, काय केलंस आज? शिपायाने विचारलं, हिंदीच्या बाईंनी विचारलं, पाणी प्यायला निघालेल्या पाचवीतल्या चिमुरड्या तिच्याकडे बघून खिदळल्या. पीटीच्या सरांनी तर विचारायचीही तसदी घेतली नाही. “कान धर,” म्हणाले आणि पुढे गेले. ती कान धरून उभी राहिली.

सुट्टीत तिने कार्ड आणून माझ्या टेबलावर ठेवलं. “मॅडम, बाहेर उभं करणं ही शिक्षा असते ना? मग मी काही न करताच शिक्षा का घेऊ? बाक पाडून तरी घेते.”

वर्गाबाहेर उभं राहणं ही आपल्याकडे शिक्षाच असते, मीही शाळेत असताना भोगलेली. हे एका शाळकरी मुलीने सांगेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात अंधेरीचा पडदा होता. त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षावाल्याशीही भांडले नाही, एवढी मी स्वतःवर चिडले होते.

मग दोन दिवस मी एकच विचार करत होते. आपल्या शाळेत तास चालू असताना एखादं मूल वर्गाबाहेर जातं आणि कुणी त्याला काही विचारत नाही, असं कधी होतं? भाजी निवडताना आठवलं. खडू आणायला जाताना! मी चौथीत असताना आमच्या बाई रोज एकीला ऑफिसात खडू आणायला पाठवायच्या. ज्या मुलीला पाठवलं ती दिवसभर मान ताठ करून हिंडायची. लांबच्या जिन्याने जायचं, वाटेत नळावर तोंड धुवायचं, दुसऱ्या वर्गांत डोकावायचं, आणि एवढं सगळं करूनही शाबासकी मिळवायची. मला वर्षभरात एकदाच पाठवलं होतं. ते मी अजून विसरलेले नाही, यावरून काय ते समजा.

आमच्या शाळेत डिजिटल फळा आहे, पण तो कुलपात असतो. बाकी सगळीकडे खडूच.

गणिताच्या बाई तिच्या वर्गशिक्षिका. त्यांच्याशी बोलायला गेले तर त्या उसळल्या. “जी मुलगी बाक पाडते तिला खडू आणायला पाठवायचं? आणि ज्या गपचूप बसतात त्यांनी काय बघत बसायचं?” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्यांच्या वर्गात तो मान होता आणि तो कमवावा लागायचा. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला, स्टाफरूममधले सर चहाचे कप घेऊन बाहेर गेले. शेवटी बाईच थकल्या आणि म्हणाल्या, “आठवडाभर करते. तुमच्यासाठी नाही, माझ्या तासासाठी. प्रत्येक वेळी अर्धा तास बाकं लावण्यात जातो माझा.”

खूण ठरली. तिने पाण्याची बाटली बाकावर आडवी ठेवायची. बाईंनी ती बघायची आणि अगदी सहज म्हणायचं, “खडू संपलेत, जा गं, घेऊन ये.” तिने लांबच्या जिन्याने ऑफिसात जायचं, वाटेत नळावर तोंडावर पाणी मारायचं, खडू घ्यायचे, आणि परत यायचं. हे शेवटचं मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. नुसतं निघून जाणं कुणालाही येतं. परत येऊन त्याच बाकावर बसायचं, हा खरा धडा.

पहिल्या वेळेला ती गेली ती येईचना. बाईंनी मला बोलावणं पाठवलं. ती नळापाशी सापडली, खडू ओले झालेले आणि डोळेही. तिचं तिने तोंड पुसलं आणि वर्गात गेली.

त्यानंतर मात्र घडी बसली. बाईंनी आठवड्यानंतर थांबवलं नाही. मीही आठवण केली नाही. मधूनमधून त्या इतर मुलींनाही पाठवत, म्हणजे कुणाला संशय नको. वर्गाच्या कपाटात खडू साचले, तेव्हा बाई ते संध्याकाळी गुपचूप ऑफिसात परत देऊ लागल्या. क्लार्क मला म्हणाला, “मॅडम, नववीत खडू खातात का हो?” बाक त्या दिवसांत एकदाही पडला नाही. मला एवढा आनंद झाला होता की मी सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतःहून गुड मॉर्निंग म्हटलं. तो घाबरला.

आणि मग बाईंना मतदार यादीच्या कामाला जावं लागलं. त्यांच्या तासाला नवे सर आले, शाळेत लागून महिनाही झाला नसेल. त्यांना खूण माहीत नव्हती. खरं तर आम्ही तिघी सोडून ती कुणालाच माहीत नव्हती.

त्या तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी तिच्या दप्तरावर सेंट मारला. तिने बाटली आडवी ठेवली. सर म्हणाले, “बाटली उभी ठेव.” तिने ती पुन्हा आडवी ठेवली. सरांनी येऊन स्वतःच्या हाताने ती उभी केली आणि फळ्याकडे वळले. मग ती उठली आणि न विचारता वर्गाबाहेर गेली. ऑफिसात गेली, तोंड धुतलं, खडू घेतले, परत आली. दारात सरांनी विचारलं, कुणी सांगितलं होतं? फळ्याखाली खडू पडलेच होते. ती गप्प राहिली, कारण हे कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. सरांनी तिला तशीच मोठ्या बाईंकडे पाठवलं आणि तक्रार केली: उद्धटपणा, आणि तास चालू असताना परवानगीशिवाय वर्ग सोडणं.

ही ती ‘आणखी एक तक्रार’.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये आम्ही सगळ्या बसलो होतो. टेबलापलीकडे मोठ्या बाई. अलीकडे यादीचं काम टाकून आलेल्या गणिताच्या बाई, मी, मुलगी, आणि मुलीची आई. आई पाटी शेजारणीच्या भरवशावर टाकून आली होती आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. मोठ्या बाईंनी तक्रार वाचून दाखवली आणि म्हणाल्या, “आपलं बोलणं झालं होतं.”

“माजी पोर वाईट न्हाय, बाई,” आई म्हणाली. “राग हाय तिला. पण कुनाला मारलं का काल तिनं?”

“प्रश्न मारण्याचा नाही. शिस्तीचा आहे.”

तिथे माझा पंखा सुरू झाला. मी नीट समजावून सांगायला गेले होते. घरून वाक्यं ठरवून गेले होते: आधी काय घडलं ते सांगायचं, मग आपल्याला काय हवंय ते, मग त्यात शाळेचा काय फायदा. मुलांना शिकवते ते सगळं. त्यातलं पहिलं वाक्य बोलले आणि पुढचं तोंडातून निघालं ते भलतंच.

“ती बाहेर गेली म्हणून काल तुमच्या शाळेत कुणाचं डोकं फुटलं नाही! तिने नेमकं तेच केलं जे तिला शिकवलं, आणि त्याचीच शिक्षा देताय?”

“मॅडम, आवाज खाली.”

“आवाजाचं राहू द्या. तिच्या बाकावर सेंट मारतात त्यांच्या तक्रारी कुठे आहेत? त्यांच्या आयांना बोलावलंत कधी? तुम्हाला मुलं नकोतच. तुम्हाला निकाल हवेत!”

मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांचा चेहरा मी ओळखते. तो असा बंद झाला की त्या दिवशी काही उघडत नाही. गणिताच्या बाई माझी ओढणी खालून ओढत होत्या. मला कळत होतं की मी त्या मुलीचं वर्ष माझ्या तोंडाने बुडवतेय. हे लख्ख कळत होतं आणि तरी पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, पहिल्यापेक्षा वाईट. मला थांबता येत नव्हतं.

टेबलावर मोठ्या बाईंची पाण्याची बाटली होती. मुलगी उठली, हात लांब करून तिने ती बाटली आडवी केली, आणि माझ्याकडे वळून अगदी सहज आवाजात म्हणाली, “मॅडम, खडू संपलेत. तुम्ही आणता का?”

गणिताच्या बाईंनी माझी ओढणी सोडली.

मी उठले. उठले आणि बाहेर गेले.

लांबच्या जिन्याने गेले. हिंदीच्या बाई भेटल्या, त्यांनी काही विचारलं नाही. नळावर तोंडावर पाणी मारलं. मला भीती वाटत होती, साधी भीती, की माझ्यामागे तिथे आता तिचं काय होत असेल. ऑफिसच्या खिडकीत मी म्हटलं, “खडू द्या.” क्लार्कने माझ्या ओल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न बोलता खडू दिले. तिथून सरळ माझ्या खोलीत जावं, पुठ्ठ्याच्या सूर्याखाली बसावं आणि सगळं संपल्यावर यावं, असं फार वाटलं. मग वर्गात परत जाणं म्हणजे काय असतं, ते मला पहिल्यांदा कळलं. मी तिला किती सहज सांगत आले होते.

केबिनचं दार अर्धं उघडं होतं. आत ती बोलत होती. शाळेतलं मराठी जपून वापरत, एकेक शब्द ठेवत. “सेंट मारला तेव्हा माझं तीनवर होतं. पाचवर गेलं की मी बाक पाडते. म्हणून चारच्या आधी गेले. सरांना माहीत नव्हतं, त्यांची चूक नाही. मला दहावी करायचीये. सगळ्या सरांना आणि बाईंना बाटलीचं सांगितलं, तर मी न विचारता कधी जाणार नाही.”

माझी तीन वाक्यं. घडलं काय, हवंय काय, शाळेचा फायदा काय.

मग मोठ्या बाईंचा आवाज आला, “आणि मॅडमचं कितीवर होतं?”

“चारवर,” ती म्हणाली. “पण त्या येतील परत.”

मी आत गेले, खडू मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवले आणि माझ्या खुर्चीत बसले. माझं बोलणं चुकलं म्हणाले. मोठ्या बाईंनी आडवी बाटली उभी केली, खडूंकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “हे असलं काही चालू असतं ते मला आधी सांगायला हवं होतंत तुम्ही.” मी हो म्हटलं. त्यांनी गणिताच्या बाईंना दुपारी सगळ्या शिक्षकांना थांबवून घ्यायला सांगितलं, नव्या सरांनाही. सेंट मारणाऱ्या मुलींच्या आयांनाही निरोप पाठवा म्हणाल्या. दाखल्याचं नाव कुणी काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. ती मुलगी यंदा दहावीला आहे.

बाहेर आल्यावर आई घाईने पुलाकडे निघाली. पाटी उघडी होती. मुलगी माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. मी तिला काय बोलावं ते जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली,

“मॅडम, तुम्ही लवकर आलात. पहिल्या वेळेला मला याहून खूप वेळ लागला होता.”